टसरचं पहिलं पीक : ऐन-अर्जुनावर अळ्या सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात टसर या रानरेशमाचा कोष नवा नाही. कोसा म्हणून त्याला सगळे ओळखतात, करवती काठाची साडी ज्या धाग्यावर विणली जाते तो धागा त्यातूनच निघतो, आणि ढिवर समाजातल्या अनेक कुटुंबांनी हे काम पिढ्यानपिढ्या केलं आहे. नवीन आहेत ती अलीकडे यात उतरणारी माणसं. त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: अंडीपुंज किती घेऊ? त्याचं उत्तर अंड्यांकडे नाही, झाडांकडे आहे. तुमच्याकडे पानांनी भरलेली झाडं किती, ती एकमेकांपासून किती लांब आणि त्यांच्याखाली महिनाभर बसायला माणसं किती, हे आधी ठरतं. अंडी सगळ्यात शेवटी.

तुतीच्या रेशमाशी याची गल्लत करू नका. तुतीचा रेशीमकिडा माणसाच्या घरात इतका रुळला आहे की त्याच्या पतंगाला धड उडताही येत नाही. पानं तोडून ट्रेमध्ये टाकली की झालं. टसरची अळी अर्धी जंगलीच आहे. ती झाडावर सोडायची, तिथेच ती खाते, वाढते, कोष विणते. ऊन, पाऊस, मुंगी, कावळा सगळं तिच्या वाट्याला येतं. तुमचं काम पान पुरवायचं नसून राखणीचं आहे.

पतंग कसा असतो

शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा. मादी मोठी, पिवळसर किंवा करडी. नर लालसर तपकिरी आणि अंगानं लहान. चारही पंखांवर एकेक गोल डोळा असतो आणि त्याच्या मधोमध खवले नसलेली पारदर्शक जागा. नराच्या मिशा पिसांसारख्या रुंद, मादीच्या बारीक. एवढ्यावरूनही दोघं ओळखू येतात. या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. कोषातून निघाल्यावर आठवडाभराच्या आयुष्यात जोडी जमवायची, अंडी घालायची आणि संपायचं, तेही अळी असताना अंगात साठवलेल्या जोरावर. म्हणून अळीच्या पोटात चांगलं पान गेलं नसेल तर त्याची भरपाई पुढे कुठेच होत नाही. मादी कमी अंडी घालते, कोष पातळ होतो आणि दोष अंडीपुंजांना दिला जातो.

या पतंगाच्या प्रदेशानुसार वेगवेगळ्या जाती आहेत. सरकारी केंद्रांतून मिळणारी अंडी बहुधा ‘डाबा’ जातीची असतात. ‘भंडारा’ नावाचीही एक जात आहे, ती याच भागातली.

पायरी पहिली : झाडं पाहा, मोजा, तयार करा

अळी खूप झाडांची पानं खाते: बोर, जांभूळ, लेंडिया. पण पीक घ्यायचं तर आपल्याकडे दोनच झाडं धरायची, ऐन आणि अर्जुन. दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींच्या फळांना पाच पंख. लांबून ओळखायचं तर सालीकडे बघा. ऐनाची साल काळपट, खोल भेगा पडून चौकोनी तुकड्यांत फाटलेली. अर्जुनाची गुळगुळीत, पांढुरकी, पापुद्रे सुटणारी. ऐनाचं पान उलटं केलं की देठाजवळ मधल्या शिरेवर छोट्या गाठी हाताला लागतात.

जंगलातला ऐन आणि शेतात लावलेला अर्जुन हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि नवख्यानं त्यातला एकच निवडावा.

जंगलातली झाडं वापरायची तर आधी ग्रामसभेत बोला, मग वनरक्षकाशी. झाड छाटण्यासाठी, फांदी तोडण्यासाठी परवानगी लागते आणि ‘सगळेच तोडतात’ हे उत्तर चालत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या करताना बांबू, मध, लाख, तेंदूपानं यांच्या यादीत टसर आणि कोषही घातले आहेत. गंमत म्हणजे ती व्याख्या ‘वनस्पतीजन्य’ उपजाची आहे. अळीनं विणलेला कोष वनस्पतीजन्य कसा, हे कीटकशास्त्रज्ञांनी बघावं. ज्या गावाला सामूहिक हक्क मिळाला आहे त्याच्या दृष्टीनं ही ओळ मोलाची आहे.

शेताच्या पडीक तुकड्यावर अर्जुन लावायचा तर तीन-चार वर्षांची तयारी ठेवा. बी कठीण असतं. दोन-चार दिवस पाण्यात भिजवून पिशवीत टोचायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर रोप शेतात न्यायचं. झाड उंच वाढू द्यायचं नाही. माणसाचा हात पोचेल अशा उंचीवर छाटून झुडूप करायचं, म्हणजे अळ्या दिसतात, जाळी टाकता येते, कोष काढायला शिडी लागत नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी कुणाच्या तरी तयार अर्जुनावर किंवा रेशीम खात्याच्या प्रक्षेत्रावर हात बसवावा आणि आपली रोपं मागून वाढू द्यावीत.

छाटणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. त्यामुळे पावसाळी पिकाच्या वेळी झाडावर कोवळं आणि मध्यम पान एकत्र असतं. हे महत्त्वाचं आहे, कारण लहान अळीला कोवळं पान लागतं आणि मोठ्या अळीला पिकलेलं, भरीव पान. सगळीच झाडं एकाच दिवशी छाटली तर सगळीकडे एकाच वयाचं पान मिळतं, म्हणून छाटणी दोन-तीन टप्प्यांत करा. शेणखत घालायचं ते जूनमध्ये, आळं करून.

आजूबाजूला धानाची शेती असेल तर शेजाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा. तुडतुड्यांसाठी मारलेलं औषध वाऱ्यानं तुमच्या झाडांवर आलं की अळ्या एका दुपारीत गळून पडतात, आणि नंतर केलेल्या भांडणानं त्या परत येत नाहीत.

पायरी दुसरी : मोसम ठरवा

टसरची वर्षाला साधारण दोन पिकं, काही भागांत तीन. पहिलं पावसाळी: जूनमध्ये पाऊस सुरू झाला की साठवलेल्या कोषांतून पतंग निघतात, जुलै-ऑगस्टमध्ये अळ्या झाडावर असतात. हे मुख्यतः बियाण्याचं पीक. दुसरं सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत चालतं आणि विक्रीचा खरा कोष त्यातून येतो. पहिल्या पिकात अळी महिन्या-सव्वा महिन्यात कोष करते; थंडी लागली की तेच काम दीड-दोन महिने रेंगाळतं.

नवख्यानं कोणत्या पिकापासून सुरुवात करावी यावर जुने लोक वाद घालतात. मी दुसऱ्या पिकाच्या बाजूचा आहे. जुलैचा पाऊस लहान अळ्या झाडावरून धुऊन नेतो आणि पहिल्याच वर्षी माणूस खचतो. सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरत असतो, पान भरलेलं असतं. अळीच्या अंगावर अंडं घालणाऱ्या उझी माशीचा त्रास तेव्हा जास्त हे खरं, पण ती निदान डोळ्यांना दिसते.

पायरी तिसरी : अंडी घ्या ती तपासलेलीच

एका मादीनं घातलेली अंडी म्हणजे एक अंडीपुंज. ढोबळ हिशेब २०० अंड्यांचा. जिल्हा रेशीम कार्यालयात नाव नोंदवलं की अंडी, प्रशिक्षण आणि योजनांची माहिती तिथूनच मिळते. राज्याचं रेशीम संचालनालय नागपूरला आहे. संशोधनाचा भाग केंद्रीय रेशीम मंडळाच्या रांचीतल्या टसर संस्थेकडे.

‘रोगमुक्त अंडीपुंज’ हा शब्द पावतीवर असायलाच हवा. पेब्रीन नावाचा रोग आईकडून थेट अंड्यात उतरतो. बाहेरून अंडी निरोगी दिसतात, फुटतातही, आणि अळ्या अर्ध्या वयात मरू लागतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधला रेशीमधंदा या रोगानं बसवला होता. तेव्हा लुई पाश्चर यांनी सुचवलेली पद्धत आजही तीच आहे: अंडी घातल्यावर प्रत्येक मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, रोगाचे बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करायची. गावात कुणी स्वस्तात अंडी देत असेल तर एवढंच विचारा की माद्या तपासल्या का. उत्तर डोळ्यांत न बघता आलं तर घेऊ नका.

अंडी सकाळी किंवा संध्याकाळी आणा, हवेशीर कापडी पिशवीत किंवा सच्छिद्र डब्यात. मोटरसायकलच्या डिकीत खताच्या पिशवीशेजारी नकोत.

किती घ्यायची? पहिल्या वेळी ५० पुंज पुष्कळ झाले. हिशेब असा की १०० पुंज म्हणजे सुमारे २०,००० अंडी, आणि पुंजामागे ४०-५० कोष हाताला आले तर पीक चांगलं समजतात. म्हणजे चारातल्या तीन अळ्या वाटेतच जातात. हे गणित सुरुवातीलाच मान्य केलं की पुढे रोज झाडाखाली मेलेली अळी पाहून हातपाय गळत नाहीत, आणि चारातली दुसरी कशी वाचवायची याकडे लक्ष जातं.

पायरी चौथी : अळ्या येण्याआधी झाडाखालचं काम

अंडी फुटायला आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्यात झाडाखालचं गवत, झुडपं काढा. पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या ज्या झाडावर असतील त्या झाडावरची घरटी फांदीसकट काढून जाळा. एक घरटं राहिलं तरी त्या झाडावरच्या सगळ्या अळ्या गेल्या म्हणून समजा. गांधीलमाश्यांची पोळी शोधा. खोडाभोवती चुना आणि ब्लीचिंग पावडर मिसळून टाका, नऊ भाग चुन्याला एक भाग पावडर. शेजारच्या झाडाच्या फांद्या आपल्या झाडाला टेकत असतील तर त्या छाटा, नाहीतर खोडाचा बंदोबस्त व्यर्थ. मुंगी वरच्या वाटेनं येते.

पायरी पाचवी : अळ्या सोडणं

अळ्या सकाळी फुटतात. नुकती फुटलेली अळी तपकिरी-पिवळसर, सात-आठ मिलिमीटरची. हिरवा रंग पहिली कात टाकल्यावर येतो. पानाचा द्रोण करून त्यात फुटायला आलेली अंडी ठेवायची आणि द्रोण कोवळ्या पानांच्या फांदीला बांधायचा ही जुनी रीत अजूनही उत्तम. द्रोण फांदीला सैल नको, तोंड पावसाकडे नको.

जिथे अर्जुनाची झुडपं आहेत तिथे पहिल्या दोन अवस्था नायलॉनच्या जाळीखाली काढतात. याला चॉकी संगोपन म्हणतात. एकूण मरणातलं मोठं मरण या कोवळ्या वयातच होतं, म्हणून जाळीवर केलेला खर्च मला कधी वाया गेलेला दिसला नाही. जाळी जमिनीलगत मातीनं दाबून घ्या, आत सरडा राहिला नाही ना पाहा, आणि रोज सकाळी पानावरच्या अळ्या नुसत्या नजरेनं मोजायची सवय लावा.

वेगवेगळ्या दिवशी फुटलेल्या अळ्या एका झाडावर सोडू नका. मोठ्या अळ्या पान संपवतात, लहान मागे पडतात, आणि पुढे सगळी कामं दोनदा करावी लागतात.

पायरी सहावी : महिनाभराची राखण

अळी चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या पाच अवस्था. कात टाकण्यापूर्वी ती खाणं थांबवते, डोकं थोडं वर उचलून फांदीला चिकटून निपचित बसते. नवख्याला ती आजारी वाटते. तिला हात लावायचा नाही, फांदी हलवायची नाही, दुसऱ्या झाडावर न्यायचं नाही. या वेळी ओढलेली अळी पायाची पकड गमावते आणि जुनी कातडी अंगात अडकून मरते.

पानं संपत आली, म्हणजे झाडाचा तीन-चतुर्थांश पाला खाऊन झाला, की स्थलांतर करायचं. अळी ओढून काढायची नसते. ती बसलेली डहाळी कात्रीनं कापून नव्या झाडाच्या बेचक्यात अडकवायची. अळी आपणहून वर चढते. हे काम ऊन चढण्याआधी किंवा उतरल्यावर. हात साबणानं धुऊन, आणि तंबाखू मळलेल्या हातांनी तर मुळीच नाही.

शेवटच्या अवस्थेत ती जेवढं खाते ते तिच्या आयुष्यभराच्या खाण्याच्या ८० टक्क्यांवर जातं. चौथ्या अवस्थेपर्यंत झाडं भरपूर वाटतात आणि मग चार दिवसांत बोडकी होतात. म्हणून पहिल्या दिवशी जेवढी झाडं लागतील असं वाटतं त्यापेक्षा बरीच जास्त झाडं न वापरता राखून ठेवायची. अंडीपुंजांचा आकडा झाडांवरून ठरवा असं वर म्हटलं ते यासाठी. भुकेली अळी झाडावरून खाली उतरते, आणि जमिनीवर तिची वाट बघणारे बरेच असतात.

शत्रूंची यादी मोठी आहे, वेळा मात्र ठरलेल्या. पहाटे आणि संध्याकाळी पक्षी: कावळे, साळुंक्या. त्यांच्यासाठी गुलेर, डबा वाजवणं, आणि माणूस दिसत राहणं. बुजगावण्याला कावळा दोन दिवस भितो. दुपारी गांधीलमाशी, जी अळीचे लचके तोडून नेते. सोंड खुपसून अळीतला रस शोषणारा ढेकूण पानामागे बसतो. अळी तशीच लटकलेली दिसते आणि जवळ गेल्यावर रिकामी निघते. त्याला आणि प्रार्थनाकीटकाला हातानं वेचायचं. शेतकऱ्याचे मित्र म्हणून इतर पिकांत आपण त्यांचं कौतुक करतो, इथे इलाज नाही. फवारणी अर्थातच करता येत नाही, कारण राखायचा प्राणीही कीटकच आहे.

उझी माशी वेगळी. घरमाशीपेक्षा मोठी, मोठ्या अळीच्या अंगावर अंडं घालते. त्या अंड्यातला किडा अळीच्या अंगात शिरला की त्या जागी काळा डाग पडतो. डाग दिसलेली अळी त्याच दिवशी वेगळी काढा. तिच्यात वाढणारा किडा पुढे बाहेर पडून मातीत कोष करतो आणि तुमच्याच झाडांवर परत येतो. कोष विणायच्या सुमारास एक पिवळी, लांब शेपटीची माशी कोषातून टोचून आत अंडं घालते. तिच्यासाठी कोष धरलेल्या झुडपांवर जाळी हाच उपाय.

रात्री कुणीतरी झाडांजवळ झोपलंच पाहिजे का? जंगलात, हो. शेतात कुंपण आणि जाळी असेल तर पहाटे उजाडायच्या आत पोचणारा माणूस पुरे.

रोग दिसला तर

विषाणूचा रोग झालेली अळी मागच्या पायांनी फांदीला धरून उलटी लटकते, कातडी फुटते आणि घाण पाणी गळतं. जिवाणूंच्या रोगात गुदद्वार चिकटून बसतं किंवा लेंड्या माळेसारख्या जोडून पडतात. बुरशी लागलेली अळी कडक होते. औषध देऊन अळी बरी करण्याच्या फंदात पडू नका. एकीला वाचवता वाचवता तिच्या खालच्या फांदीवरच्या दहा जातात. चिमट्यानं उचला, ब्लीचिंगच्या पाण्याच्या डब्यात टाका, संध्याकाळी खड्डा करून चुन्यासकट पुरा. त्या झाडाखाली चुना-ब्लीचिंग पुन्हा टाका. चिमटा आणि हात धुतल्याशिवाय पुढच्या झाडाकडे जायचं नाही. दहा मिनिटांचा हा कंटाळवाणा नियम पाळणारे आणि न पाळणारे यांची पिकं शेजारी शेजारी असली तरी ओळखू येतात.

पायरी सातवी : कोष काढणं

पिकलेली अळी खाणं थांबवते, पोट साफ करते आणि जागा शोधत फिरते. दोन-तीन पानं ओढून घेते, फांदीला रेशमाचं कडं घालते, त्यापासून मजबूत देठ खाली आणते आणि त्या देठाला लोंबता कोष विणते. विणकाम पाच-सात दिवस चालतं. बाहेरून कोष पुरा दिसला तरी आत काम सुरू असतं, म्हणून घाई नको. विणायला लागल्यापासून आठवडाभरानं एक कोष कानाशी हलवून बघा. आत कोषावस्थेतला किडा सुटा खडखडला की काढणी सुरू.

देठासकट, कात्रीनं कापायचं. ओढून तोडलेल्या कोषाचं तोंड फाटतं आणि धागा तिथेच तुटत राहतो. काढल्यावर पानं, काड्या काढून एका थरात सावलीत पसरा. ढीग घातला की आत गरम होऊन डाग पडतात.

मग निवड. चांगला कोष बोटांत दाबला तर दबत नाही. पोचट, डागाळलेले, टोचलेले बाजूला. टसर कोष वजनावर नव्हे तर नगावर विकतात, भाव हजाराच्या हिशेबानं लागतो, पण प्रतवारी ठरवणारा व्यापारी बोटांनीच दाबून बघतो. त्याच्याआधी तुम्ही बघा. विकायचे कोष फार दिवस जिवंत ठेवता येत नाहीत. पतंग बाहेर पडायच्या आत ते उन्हानं किंवा वाफेनं मारावे लागतात. ही गोष्ट काहींना खटकते, आणि ती खटकणार असेल तर धंद्यात उतरण्याआधीच ठरवलेलं बरं.

बियाण्याचे कोष राखायचे असतील तर

पहिल्याच वर्षी हे करू नका असं मी सांगेन. पण करणारे करतात, म्हणून थोडक्यात. सगळ्यात जड, कडक, निरोगी झाडावरचे कोष निवडा. देठांनी बांधून माळा करा आणि हवेशीर, कौलारू किंवा गवताच्या छपराच्या खोलीत टांगा. नोव्हेंबर-डिसेंबरपासून जूनपर्यंत आतला किडा झोपलेला असतो. विदर्भाचा मे महिना हीच त्याची परीक्षा. पत्र्याच्या खोलीत कोष आतल्या आत मरतात किंवा पतंग अवेळी, थोडेथोडे निघू लागतात. नर आज, मादी चार दिवसांनी, आणि जोडी जमतच नाही. भिंतींना ओले पडदे लावा, उंदरांपासून माळा लांब ठेवा.

पाऊस सुरू झाल्यावर संध्याकाळनंतर पतंग निघतात. देठाकडचं टोक लाळेनं मऊ करून वाट काढतात, रात्रीच जोड्या लागतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मादी वेगळी करून अंडी घालायला ठेवायची आणि अंडी झाल्यावर तपासणीसाठी केंद्रात न्यायची. तपासणी चुकवून घरची अंडी झाडावर सोडायची नाहीत.

मागे उरलेले भोक पडलेले कोष फेकू नका. त्यांच्यातून सलग धागा निघत नाही, पण कातून घिचा नावाचं जाडसर सूत होतं आणि विणकर ते घेतात. पोचट आणि टोचलेले कोषही त्याच पोत्यात टाका. फक्त उझी माशीचा किडा आत जिवंत नाही ना, हे आधी कापून बघा.